हाकेच्या अंतरावर

१

रोज सकाळी सात वाजता मी चिमटा आणि मऊ कुंचला घेऊन अंगणात येतो. आमचं घर उत्तर मोरोक्कोतल्या तेतुआनच्या जुन्या गावातलं. मधे उघडं फरसबंद अंगण, चारी बाजूंनी खोल्या, वर गच्ची. स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या भिंतीला माझी अकरा झाडं टांगलेली आहेत. घरात आम्ही त्यांना माशीखाऊ म्हणतो. तांजिअरच्या वाटेवर जे रेताड, वणव्यानं जळलेले डोंगर लागतात तिथे ती आपली आपण उगवतात. बारीक लांब पानांचा झुपका, प्रत्येक पानावर लाल केसांच्या टोकाला शेकडो चिकट थेंब, आणि वास मधाचा. वासानं माशी येते, थेंबाला चिकटते, सुटायला धडपडते आणि आणखी चार थेंब अंगावर ओढून घेते. शेवटी गुदमरते, आणि झाड तिला सावकाश पिऊन टाकतं.

डोंगरातल्या बायका हे झाड उपटून आणतात, स्वयंपाकघरात टांगतात आणि आठवड्याभरात वाळलं की फेकून देतात. मला तो अडाणीपणा बघवत नाही. मी माझी झाडं बियांपासून वाढवली. बी सँडपेपरवर घासायचं, लहान कुंडीत पेरायचं, ती कुंडी मोठ्या कुंडीत बसवायची आणि पाणी फक्त बाहेरच्या कुंडीला घालायचं. मुळाला धक्का लागला की झाड गेलंच म्हणून समजा. बत्तीस वर्षं मी शाळेत निसर्गविज्ञान शिकवलं आणि दरवर्षी मुलांकडून एक वाक्य लिहून घेतलं. दुसरी काही कीटकभक्षी झाडं पान मिटतात, वळवतात. आपल्या डोंगरातल्या या झाडाचं पान मात्र हलत नाही. माशी कितीही फडफडली तरी ते जागचं ढिम्म हलत नाही.

माझी बायको रहिमो हिला या झाडांचा भारी राग. ती स्वतः एक क्षण शांत राहू शकत नसे. हातात लग्नातल्या सात बारीक बांगड्या, पायात फटफट वाजणाऱ्या चपला, आणि तोंड तर कायम चालू. पिंजऱ्यातला आमचा मुकनीन पक्षीसुद्धा तिच्यापुढे हार खाऊन गप्प बसायचा.

"सी मफद्दल, तुमच्या राजकन्यांची वेणीफणी झाली असेल तर बाजारात जाऊन या. पुदिना संपलाय."

"लल्ला रहिमो, तू दोन मिनिटं गप्प बसलीस तर माश्यांना खाली बसायचा धीर होईल."

"माश्या मला घाबरत नाहीत. तुम्हीच घाबरता."

दोन वर्षांपूर्वी तिला हृदयाचा झटका येऊन गेला. डॉक्टरनं जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा कळ आली तर तिला स्वतःला डबीपर्यंत जाता येईलच असं नाही, म्हणून घरात कायम कोणीतरी हाकेच्या अंतरावर हवं. तेव्हापासून माझी आरामखुर्ची अंगणापलीकडच्या खोलीत, दाराशी आहे. तिथून स्वयंपाकघर दहा पावलं. तिनं हाक मारायची आणि मी धावत जायचं, असं आमचं ठरलं होतं.

२

चूक माझी आहे आणि ती मी आधीच सांगून टाकतो.

आमच्या घरांत जुन्या मातीच्या नळांनी डोंगराचं पाणी येतं. प्यायला गोड, पण त्यात चुना इतका की किटलीला आतून पांढरा थर बसतो. माझ्या झाडांना ते विष. त्यांना पावसाचं पाणी लागतं, नाहीतर वाफेचं. बॅटरीचं पाणी म्हणून जे दुकानात मिळतं ते वापरून एकदा मी दोन झाडं घालवली होती. वाफेच्या पाण्याची सोय तेतुआनात प्रत्येक घरी असते. वसंतात नारिंगाला फुलं आली की बायका तांब्याची कत्तारा, अर्क गाळायचं भांडं, चुलीवर चढवतात आणि फुलपाणी काढतात. पहिलं, कडक वासाचं पाणी पाहुण्यांसाठी, सणासाठी. शेवटी शेवटी जे फिकं, जवळजवळ बिनवासाचं पाणी गळतं ते कोणाला नको असतं. ते मी झाडांसाठी बाटल्यांत भरून ठेवत असे.

रहिमोनं झटक्यानंतरच्या वसंतात एक बाटली वेगळी काढली. पहिल्या धारेची. ती तिनं वरच्या खोलीतल्या पेटीत, आपल्या कफनाच्या घडीत ठेवली. आमच्याकडे मेलेल्या माणसाला न्हाऊ घातल्यावर कफनावर हे पाणी शिंपडतात. बायका आपलं आपण काढून ठेवतात. दुसऱ्यांवर विसंबत नाहीत.

यंदा पाऊस झाला नाही. ऑगस्टमध्ये आठ दिवस पूर्वेचा शर्की वारा सुटला, अंगणातली हवा भट्टीसारखी झाली, आणि माझ्या सगळ्या बाटल्या संपल्या. झाडांची टोकं तपकिरी पडायला लागली. रहिमो हम्मामला गेली होती. मी वर गेलो, पेटी उघडली. वाफेचं पाणी ते वाफेचं पाणी, असं मी मनाशी म्हटलं, आणि माणूस मेल्यावर त्याला वास कळत नाही असंही म्हटलं. अकरा कुंड्यांना ती बाटली पुरली. मग बाटलीत नळाचं पाणी भरलं, बूच लावलं आणि होती तशीच घडीत ठेवून दिली.

मी इतक्या निवांतपणे हे केलं की आठवलं तरी लाज वाटते.

३

सप्टेंबरअखेर झाडं अशी फोफावली की मी शेजारपाजाऱ्यांना बोलावून दाखवली. थेंब हरभऱ्याच्या डाळीएवढे झाले होते. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी ती वहीत टिपून ठेवली. पानांवर माशी नव्हती. एकही नाही. अंगणात माश्या होत्या, खरबुजाच्या सालीवर घोंगावत होत्या, पण झाडांच्या जवळ जात नव्हत्या. चिमट्याला आठवडाभर काम पडलं नाही. मग ही झाडं कशावर पोसली जात होती?

त्याच आठवड्यात एका सकाळी रहिमो माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली आणि मी दचकलो.

"मांजरासारखी कधीपासून यायला लागलीस?"

"चाळीस वर्षं माझ्या चपलांना शिव्या दिल्यात. आता काय झालं?"

मी तिच्या पायांकडे पाहिलं. चपला त्याच होत्या. ती चहाचा ट्रे खाली ठेवून आत गेली. टाच जमिनीवर आपटताना दिसत होती. आवाज नव्हता. तिनं दाराशी वळून डोक्यावरचा रुमाल सारखा केला. सातही बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या, परत मनगटावर आल्या. तेव्हाही काही वाजलं नाही.

मी म्हटलं, वय झालं, मफद्दल. कान गेले.

४

कान गेले हे मान्य करणं सोपं होतं. पण शास्त्राच्या माणसाला पडताळा पाहायची खोड असते.

रहिमो रोज अकराच्या सुमारास पितळी खलात मसाला कुटायची. तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. त्या दिवशी मी मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. तिनं धने घातले, जिरं घातलं, बत्ता उचलला. बत्ता खाली आला, धने फुटून उडाले, खल ओट्यावर थरथरला. मुकनीन गात होता. गल्लीत कोणीतरी मासळीवाल्याशी हुज्जत घालत होतं, त्यातला शब्द न् शब्द मला कळत होता. खल मात्र मुका.

"दे इकडे," मी म्हटलं.

"अरे वा. आज सूर्य कुठून उगवला?"

तिचा आवाज येत होता, पण बारीक, शेजारच्या घरातून यावा तसा. मी बत्ता घेतला आणि एक घाव घातला. पितळ असं खणकन वाजलं की माझे दात झिणझिणले. परत तिच्या हातात दिला. तिनं दोन घाव घातले. काही नाही. मी घेतला, खणखणाट.

"खेळ चाललाय का?" ती म्हणाली. "मला दोन्ही सारखंच ऐकू येतंय."

तिला ऐकू येत होतं. मला येत नव्हतं. म्हणजे दोष माझ्याच कानात, नाही का? पण ज्या कानाला माझा घाव ऐकू येतो त्याला तिचा का येऊ नये, याचं उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही. मी ते शोधायचाही फार प्रयत्न केला नाही.

५

नव्या वस्तीतली कानाची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं मला काचेच्या खोलीत बसवलं, बारीक बारीक शिट्ट्या ऐकवल्या, कागदावर रेघ काढली.

"हाजी, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

"कान चांगलेच आहेत," रहिमो शेजारून म्हणाली. "ऐकायची इच्छा तपासायचं एखादं यंत्र नाही का तुमच्याकडे?"

डॉक्टर हसली. मीही हसलो, कारण रहिमोचं प्रत्येक अक्षर मला स्वच्छ ऐकू आलं होतं. बांगड्या वाजत होत्या. परत येताना सबंध वाट ती बोलत होती, डॉक्टरच्या बुटांबद्दल, डॉक्टरच्या आईबद्दल, ऑलिव्हच्या भावाबद्दल, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी तिला थांबवलं नाही. मग आम्ही आमच्या दारातून आत शिरलो. बोळ ओलांडून अंगणात पाय ठेवला आणि तिचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. मी वळलो. ती बोलतच होती.

रविवारी मालागाहून आमच्या मुलीचा, नझीहाचा फोन आला. रहिमो फोन घेऊन अंगणात बसली, ओठ भराभर हलत होते. मग तिनं कपाळाला आठ्या घालून फोन माझ्या हातात दिला.

"बाबा, यिम्मा बोलतेय ना?" नझीहानं विचारलं. "मला मुकनीन ऐकू येतोय. तिचा आवाज येत नाहीये."

"लाइन खराब आहे," मी म्हणालो.

इथे मला दुसरी एक गोष्ट कबूल करायची आहे. मला घाबरायला हवं होतं आणि थोडा मी घाबरलोही. पण ते घर इतकं शांत कधी नव्हतं. सकाळी झाडांपाशी उभं राहावं, दुपारी खुर्चीत बसून पुस्तक संपवावं, कोणी मधे बोलत नाही. चाळीस वर्षं मी जी शांतता मागत होतो ती आयती मिळाली होती. मला ती आवडली. दोन आठवडे मी कोणालाच काही बोललो नाही.

६

नोव्हेंबरात तिनं पेटी उघडली. ऊन द्यायला कफन बाहेर काढलं आणि मला वर बोलावून घेतलं, म्हणजे खाली येऊन बाहीला धरून वर नेलं. वरच्या खोलीचं दार लावलं की तिचा आवाज अजून बऱ्यापैकी येत असे. बाटली तिच्या हातात होती. तळाला चुन्याचा पांढरा साका बसला होता.

"हे काय आहे, सी मफद्दल?"

मी सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती पेटीच्या कडेवर बसली.

"माझ्या अंगावर शिंपडायचं पाणी," ती म्हणाली. "ते त्यांना पाजलंत."

"झाडं मरत होती, रहिमो."

"आणि आता नारिंगाला फुलं येणार एप्रिलमध्ये. तोवर मला जगावं लागणार, असंच ना?" ती थोडं हसली, पण डोळे हसत नव्हते. "तुम्हाला माझा आवाज येत नाही खाली. मला कळत नाही असं समजू नका. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून अंदाजानं मान हलवता. मेंढीवाल्याला मुलगा झाला म्हणून सांगितलं, तर तुम्ही 'अल्ला बरं करो' म्हणालात."

"मी उपाय करतो."

"उपाय एकच. ती झाडं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून काढा. आज."

मी म्हणालो, काढतो. पण न्यायची ती गच्चीवर, आणि तिथे शर्की वारा होता, असा की वाळत घातलेली चादर फाटावी. त्या वाऱ्यात कोवळी पानं टिकली नसती. वारा पडला की काढतो, दोन दिवसांत पडेल. तोवर मी शाळेतली जुनी पितळी घंटा शोधून काढली आणि तिच्या हातात दिली. काही झालं तर ही वाजव. आम्ही अंगणात उभे राहून प्रयोग केला. तिनं घंटा हलवली. आतला लोलक दोन्ही बाजूंना आपटताना मला नुसता दिसत होता. तेवढ्यात माझी नजर तिच्या खांद्यावरून भिंतीकडे गेली, आणि तिसऱ्या कुंडीतलं एक लांब पान सावकाश, अगदी सावकाश, घंटेच्या बाजूला वाकलं.

पान हलत नाही. मी बत्तीस वर्षं लिहून घेतलं होतं. वारा असेल, असं मी ठरवलं. अंगणात त्या दिवशी पीस हलेल एवढाही वारा नव्हता.

रहिमोनं घंटा ओट्यावर ठेवली, मला परत वर नेलं आणि दार लावून घेतलं.

"वारा पडेपर्यंत तुम्ही माझ्यासमोर बसायचं. स्वयंपाकघरात. मला दिसाल असे. ऐकू येत नाही तर निदान बघा माझ्याकडे."

"बसतो."

"शपथ घ्या."

मी घेतली.

७

सोमवारी बसलो, मंगळवारी बसलो. घेवड्याच्या शेंगा सोलल्या, लसूण सोलला. ती बोलत राहायची आणि मी बघत राहायचो. इतकं तिच्या चेहऱ्याकडे मी लग्नाच्या पहिल्या वर्षीसुद्धा पाहिलं नसेल. उजव्या भुवईत एक पांढरा केस होता, तो मला तेव्हा दिसला.

बुधवारी सकाळी वारा कमी झाला. दुपारी कुंड्या हलवायच्या असं ठरलं. मी म्हटलं, चष्मा घेऊन आलोच. तिनं मान हलवली. चष्मा आरामखुर्चीच्या हातावर होता आणि त्याच्याखाली वर्तमानपत्र होतं. एक मथळा वाचावा म्हणून मी टेकलो. घर शांत होतं. ऊन अंगणाच्या फरशीवर अर्ध्यापर्यंत आलं होतं, मुकनीन दाणे सोलत होता, त्या सालांचा आवाजसुद्धा येत होता.

मी सहज वर पाहिलं. भिंतीवरच्या अकराच्या अकरा कुंड्यांतली पानं वाकलेली होती. सगळी एकाच बाजूला, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. मी पाहत असताना ती आणखी वाकली, थोडी थरथरली, पुन्हा वाकली. थेंब ताणून लांब झाले होते.

मी वही उचलली. घड्याळ पाहिलं. माझ्या अक्षरात तिथे लिहिलेलं आहे: अकरा वाजून चार मिनिटं. पानं हलतात. दिशा खिडकीची. मधे मधे झटके, नियमित नाहीत.

किती वेळ मी पाहत होतो? एक मिनिट. कदाचित दोन. मला आनंद झाला होता, हे मी लपवणार नाही. आजवर हे कोणी पाहिलं नसेल असं मला वाटत होतं. मग 'झटके' हा शब्द लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की झटके तेव्हाच बसतात जेव्हा काहीतरी चिकटतं.

दहा पावलं. ती ओट्याच्या पायाशी पडली होती, एक हात छातीवर, दुसरा डबीच्या फळीकडे. तोंड उघडत होतं, मिटत होतं. मी गुडघ्यांवर बसलो आणि गोळी जिभेखाली ठेवली तेव्हा ओठ अजून हलत होते, माझंच नाव घेतायत असं मला वाटलं. आवाज नव्हता. थोड्या वेळानं ओठही थांबले.

८

घर तीन दिवस माणसांनी भरलेलं होतं. कुराण पठण झालं, शेजाऱ्यांकडून कुसकुसाची ताटं आली, बायका रडल्या. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या खद्दूजनं स्वतःच्या कफनासाठी ठेवलेली फुलपाण्याची बाटली आणून रहिमोवर रिकामी केली. मला विचारलंही नाही. नझीहा मालागाहून आली आणि चाळिसावा होईपर्यंत राहिली. जाताना म्हणाली, बाबा, चला माझ्याबरोबर. मी म्हटलं, एक काम उरलंय, ते करून येतो.

नझीहा गेली त्याच दिवशी मी कात्री घेऊन अंगणात आलो. सगळी झाडं कापायची आणि जाळायची. पहिल्या कुंडीतलं सगळ्यात खालचं, जुनं पान कापलं. चिकट रस बोटाला लागला. कानावर केस आले होते ते मी त्याच हातानं मागे सारले.

"मीठ संपलंय. सांगून ठेवते, मग म्हणाल सांगितलं नाही."

माझ्या कानात. तिच्या रोजच्या आवाजात, बांगड्यांसकट.

कात्री माझ्या हातातून पडली. मी फरशीवर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. मग उठलो, दुसरा थेंब बोटावर घेतला आणि कानाला लावला. पावलं. फक्त पावलं, फटफट, स्वयंपाकघरातून कोठीकडे. तिसऱ्या थेंबात खलाचे तीन घाव. त्याच्या वरच्या पानावर डॉक्टरच्या आईची गोष्ट होती, जी मी दारातून शिरताना अर्धी ऐकली होती. पुढचा अर्धा भाग तिथे होता.

भ्रम असेल. एकटा म्हातारा, चाळीस दिवसांचं दुःख, काहीही ऐकू येऊ शकतं. मी हे सगळं स्वतःला समजावलं आणि दुसऱ्या सकाळी सात वाजता पुन्हा अंगणात आलो. झाडं जाळायचा विषय संपला. नझीहाला कळवलं की हिवाळा झाल्यावर येईन. बाहेरच्या कुंड्यांना पाणी घालत राहिलो. आता पाऊस पडत होता. रोज थोडे थेंब. पुरवून पुरवून.

९

पानं खालून वर वाढतात, त्यामुळे कुठलं पान कुठल्या आठवड्याचं ते मला कळतं. मी बुधवारच्या पानांना हात लावत नव्हतो. पण खालचे थेंब संपले आणि तिच्या आवाजाशिवाय एक सकाळ काढणं मला जमेना.

काल मी ते ऐकलं. आधी साधी हाक, चष्मा शोधायला किती वेळ, अशी. मग दुसरी, जरा रागाची. मग तिचा श्वास. मग माझं नाव, पुन्हा पुन्हा, सी मफद्दल, मग आदराचा 'सी' गाळून नुसतं मफद्दल, जे तिनं उभ्या जन्मात कधी म्हटलं नव्हतं. डबी हाताला लागत नाही असं ती म्हणाली. शेवटच्या थेंबात तिनं मला हाक मारली नाही. तिनं मरणाच्या वेळचा कलमा म्हटला, अर्धा. ती हाका मारत होती तेव्हा मी वहीत वेळ लिहीत होतो.

आज सकाळी मी सात वाजता उठलो नाही. खूप उशिरा अंगणात आलो, कात्री घेऊन, या खेपेला नक्की. तिसऱ्या कुंडीत मधोमध एक नवं पान होतं. कालपर्यंत ते गुंडाळलेलं होतं, रात्रीत उलगडलं. रहिमोला जाऊन पंचावन्न दिवस झाले होते. पानावर एकच मोठा थेंब.

हे पान कापून टाकायचं, ऐकायचं नाही, असं मी ठरवलं. आणि बोट पुढे केलं.

आवाज अगदी जवळून आला. धाप नव्हती, भीती नव्हती. मागे डोंगरावरच्या वाऱ्यासारखं काहीतरी होतं.

"सी मफद्दल, तुम्ही इतके गप्प का झालात? मी रोज कान लावून बसते. खद्दूजचं ऐकू येतं, पाखराचं येतं. तुमचंच येत नाही. एकदा बोला ना माझ्याशी."

मी उभा राहिलो. छातीत होती नव्हती तेवढी हवा भरून घेतली आणि तिच्या नावानं हाक मारली. घसा ताणला गेला, नसा तटतटल्या. मुकनीन दचकलासुद्धा नाही, आपला गातच राहिला, गल्लीत कोणीतरी हसत होतं. मी पुन्हा हाक मारली, आणखी मोठ्यानं. भिंतीवरची सगळी पानं माझ्याकडे वळली.